दिवेलागणीला न विचारलेला प्रश्न

योगेंद्र डॉक्टरांना लोक खुळा म्हणायचे, तेव्हा मी पदर खोचून भांडायचे. पुण्यात मानसोपचार शिकून आलेला माणूस. सोबतच्यांनी जळगावात तीन-तीन मजली दवाखाने उभे केले आणि हे अमळनेरच्या एसटीत उभ्यानं खेडी फिरत होते. का, तर कुणी नुसतं नीट ऐकून घेतलं तरी बाईच्या मनावरचा भार उतरतो, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. ते झालं तर जिथं डॉक्टर पोचत नाही तिथंही जीव वाचेल म्हणायचे. बारा वर्षं एकाच ध्यासात घातली त्यांनी. लग्नसुद्धा राहून गेलं.

मी बेबाबाई, त्यांची कार्यकर्ती. आठ आठवडे एकेका बाईकडे जायचं, ऐकायचं, मध्ये तोडायचं नाही, सल्ले झोडायचे नाहीत. माझ्यासारखीला गप बसायला शिकवणं म्हणजे काय खायचं काम आहे? पण त्यांनी शिकवलं. या आठ आठवड्यांच्या आधी आणि नंतर नऊ प्रश्न विचारायचे, उत्तराला आकडा द्यायचा. आकडा उतरला की बाई सुधारली, मग तिच्याकडे जाणं बंद. नववा प्रश्न होता, मरून जावंसं वाटतं का?

पहिली फेरी मे महिन्यात झाली. रानात काम नव्हतं. भर दुपारी निंबाखाली बसून बायका मोकळेपणी बोलल्या. इंदिराबाई तर म्हणाली, "रोज वाटस, अक्का." मी तीनचा आकडा टाकला. तीन म्हणजे सगळ्यात वाईट.

पेरणी-पावसात भेटी लांबल्या, दुसरी फेरी आली ती थेट कापूस वेचणीत. बाया घरी सापडणार दिवेलागणीलाच. आता देवापुढं दिवा लागलेला असताना घरात मरणाचं नाव काढतं का कुणी? आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं हे. डॉक्टर शेतकऱ्याचंच पोर, पण दहावीपासून होस्टेलात वाढलेले, त्यांच्या कागदात ते कुठून येणार? आणि मला तर कळत होतं ना! तरी बोलले नाही. बाकीच्या आठ प्रश्नांना बायका दिव्याकडं बघत "बठ्ठं बरं शे", सगळं बरं आहे, म्हणायच्या. नवव्याशी माझीच जीभ अडायची. न विचारताच मी शून्य लिहायचे. घरोघर हेच केलं. इंदिराबाईच्या घरीही.

आकडे असे उतरले की डॉक्टरांना खरं वाटेना. परदेशच्या मासिकात लेख छापून आला. धुळ्याच्या परिषदेत त्यांना शाल मिळाली, मला पेढे. इंदिराबाईचं उदाहरण लेखात होतं, नाव बदलून. नियमाप्रमाणं तिच्याकडं माझं जाणं बंद झालं होतं.

वर्षभरानं, संक्रांतीनंतर, तिनं जीव दिला.

डॉक्टर तिच्या दारातून परतले ते थेट माझ्याकडं. दोन दिवस दाढी नाही, अंगात तोच शर्ट. म्हणाले, "बेबाताई, शून्य होतं. शून्याची बाई अशी कशी गेली?" मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. वाटलं, एक थोबाडीत देतील. द्यायला हवी होती, मेलं जरा हलकं तरी वाटलं असतं! त्यांनी फक्त विचारलं, "किती घरी?"

"सगळ्याच."

त्यांनी लेख मागं घेतला. ज्यांनी शाल दिली त्यांनी फोन उचलणं सोडलं. आपली पद्धत चांगली होती की वाईट, हे आता त्यांना कधीच कळायचं नाही. पुन्हा सगळं मांडायला पैसा कोण देणार, आणि अंगात जोर कुठला? हल्ली सकाळी ते भाड्याच्या खोलीत बसतात, पेशंटला गोळ्या लिहून देतात. मान वर करत नाहीत.

परवा मी गेले, तर म्हणाले, "तू विचारलं असतंस, तर इंदिराबाई बोलली असती का? दिव्यापुढं?"

नाही म्हटलं असतं तर त्या माणसाला थोडी तरी झोप लागली असती. पण मला शून्य लिहिलं त्या दिवसाची ती दिसत होती. उंबऱ्यापर्यंत मागं आलेली, माझा हात धरून म्हणत होती, "थोडी बठ ना, अक्का. भायेर बठू. तुले सांगनं शे." आणि मी सातची गाडी चुकेल म्हणून हात सोडवून घेतला होता.

"बोलली असती, सर," मी म्हणाले.