कराडची मुलगी, लोअर हटचं रेगे

मी कराडहून निघाले त्या सकाळी बाबांनी तंबोऱ्याला गवसणी घातली आणि तो कपाटावर ठेवून दिला. बाबा शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी घरी गाणं. बारा वर्षं मी त्यांच्यासमोर बसून शिकले. मग बी.फार्म. झालं, लग्न झालं आणि नवऱ्याला न्यूझीलंडला नोकरी लागली. एसटी स्टँडवर बाबा एवढंच म्हणाले, "गळा देवाने दिलाय, रेवा. बैठक तुझी तुला घालावी लागेल." मी मान हलवली. पुढची सहा वर्षं मी गायले नाही.

लोअर हट या इथल्या शहरात आल्यावर आधी फार्मसीच्या परीक्षा दिल्या, मग एका फार्मसीत लागले. हेमी तिथे ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला यायचा. साठी उलटलेला माओरी मेकॅनिक, भर थंडीतही पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला. एकदा गोळ्या भरताना मी यमन गुणगुणत होते.

"किया ओरा," त्याने काउंटरपलीकडून माओरीत नमस्कार केला. "थांबू नकोस. परत म्हण."

त्याचा रेगे बँड होता आणि त्यांची मागे साथ करणारी गायिका नुकतीच ऑस्ट्रेलियाला गेली होती. "गुरुवारी गराजमध्ये ये," म्हणाला. रेगे म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं तेच माझ्याही आलं होतं, लांब जटा आणि धूर. गराजमध्ये एक फाटका सोफा होता, आणि हेमीची बहीण मेरे सगळ्यांना चहा देत होती. हेमीने बेस गिटार घेतली, मी गायला लागले आणि दोन ओळींत त्याने हात वर केला.

"हीप्स ऑफ टाइम, गर्ल. पहिली मात्रा सोडून दे. तिला श्वास घेऊ दे."

आपल्याकडे सगळे धावत समेवर येऊन भेटतात. इथे नेमकी तीच जागा रिकामी ठेवायची. मला ते अंगवळणी पडायला तीन महिने लागले.

दोन वर्षं मागे उभी राहून गायले, मग पुढे आले. उन्हाळ्यात मैदानांवर, हिवाळ्यात क्लबांमध्ये. ख्राइस्टचर्चला हॉर्नबीच्या एका हॉलमध्ये अकरा जण ऐकायला होते, त्यातले चार आमचेच. पहिला अल्बम ऑकलंडला, पेनरोजच्या एका डेपोमागच्या स्टुडिओत झाला. बाहेर ट्रक मागे घेऊ लागला की रेकॉर्डिंग थांबायचं. दुसऱ्या अल्बममधल्या एका गाण्यात हेमीने मला आलाप घ्यायला लावला आणि ते गाणं रेडिओवर चाललं. फार्मसीत लोक प्रिस्क्रिप्शन पुढे करत "तूच का ती रेगेवाली?" विचारायला लागले. माझी मुलगी म्हणायची, "आई, सो एम्बॅरसिंग!" नोकरी मात्र मी सोडली नाही.

बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "नशेबाजांचं गाणं. दुसरं काही मिळालं नाही?" त्यानंतर पाच वर्षं आम्ही हवापाण्यावर आणि गुडघ्यांवर बोललो.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले. गुरुवारी मी निघाले की ते फिरायला निघून जायचे. हेमी त्यांना भेटायला आला तो स्मोक्ड मासा घेऊन. बाबा दोन पावलं मागे सरले. पुढच्या वेळी त्याने झाडाची लिंबं आणली. मग दोघं ओट्यावर उन्हात बसू लागले. बाबांचं इंग्रजी पुस्तकी, हेमीचं तोंडातल्या तोंडात. गाण्याचा विषय कोणी काढला नाही.

ऑगस्टमध्ये हेमी अचानक गेला, हार्ट अटॅकने. बाबा आपणहून म्हणाले, "मीही येतो."

चार तास गाडी चालवून आम्ही त्याच्या गावच्या मराएवर, म्हणजे त्यांच्या कुळाच्या सभागृहापाशी पोचलो. पाहुण्यांनी फाटकाशी थांबायचं, आतून एक म्हातारी हाक घालते, मग जायचं. ओसरीत उघड्या पेटीत हेमी होता. तिथे गेलेल्या माणसाशी थेट बोलतात. आमच्यातून कोणीतरी बोलायला हवं होतं. नवरा उठणार, तोच बाबा उभे राहिले आणि चक्क मराठीत बोलू लागले.

"हेमीराव, तुमची माझी भाषा काही जुळली नाही. माझी मुलगी गाणं सोडून इकडे आली होती. तुम्ही तिला गाती केलीत. मी बाप असून पाच वर्षं ऐकलं नाही. चूक माझी. तुमच्यासमोर सांगतो."

भाषणानंतर गाणं म्हणायची तिथली रीत. बाबा माझ्याकडे वळले. "रेवा, म्हण."

"काय म्हणू?"

"यांचं जे असेल ते."

मी हेमीने बांधलेलं गाणं घेतलं. वाद्यं नव्हती. दुसऱ्या ओळीला बँडमधल्यांनी आवाज मिसळला, मग समोरच्या लोकांनी. माझा सूर दोनदा हलला. बाबा शेवटपर्यंत उभे होते.

आता ते कराडला असतात. आमची गाणी यूट्यूबवर ऐकून फोन करतात, "तार सप्तकात ताण येतोय हं."

कराडचे लोक विचारतात, घरी कधी येणार. डिसेंबरात जातेच. पण तिथे आता मला चहा चांगल्या कपात मिळतो आणि शेजारच्या काकू म्हणतात, "बस गं, चार दिवसांची पाहुणी तू."

मागच्या वर्षी हेमीच्या समाधीच्या दगडावरचं कापड काढायचा विधी होता. मी लवकर पोचले आणि रीतीप्रमाणे फाटकाशी उभी राहिले. मेरेने स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि ओरडली, "तिथे काय करतेस? पाहुणे यायच्या आत बटाटे सोलून व्हायला हवेत!"

मी मागच्या दाराने आत गेले.