प्रज्ञाची संदर्भसूची

आमच्या कर्जतच्या कॉलेजात होती तोवर प्रज्ञा गायकवाडने संगणकावर एकही अक्षर हाताने ठळक केलं नाही. बाकी सगळे वर्डमध्ये माउस फिरवत मथळे रंगवत बसत, आणि ही लेटेकमध्ये साधी, एकसारखी अक्षरं टाइप करत जाई. मध्येच एखादी उलटी तिरकी रेघ, महिरपी कंस आणि त्यात सूचना: हे प्रकरण, हा तक्ता, हा संदर्भ. पानं, क्रमांक, सूची ते सॉफ्टवेअर स्वतः जुळवी. "काय हाय ते सांगायचं. दिसंल कसं ते मशीन बघंल," असं ती म्हणायची.

मी तिथली ग्रंथपाल. याद्या करून कामं उरकणारी, त्यामुळे आमचं जमलं. ती वनस्पतिशास्त्र शिकवायची, राहायची पोशीरला, आणि पीएच.डी. करत होती तिकडच्या भाताच्या जुन्या वाणांवर. स्टाफरूममध्येही गावच्याच बोलीत बोलायची. एका तरुण बाईंनी टोकलं, "मॅडम, निदान इथं तरी शुद्ध बोला." प्रज्ञाने डबा उघडत विचारलं, "का गं, कळलं नाय का तुला?"

प्रबंधात तिने पोशीरच्या बायकांना संदर्भ म्हणून घेतलं होतं. बियाणं कुणी राखलं, कोणतं भात कुठल्या खाचरात टिकतं, हे जिने सांगितलं तिचं नाव वाक्यापाशी, आणि शेवटी सूचीतही, पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या रांगेत. त्यात तिची काकी भिवाबाई गायकवाडही होती.

मार्गदर्शक गुप्ते सरांना ते खटकलं. सूची तपासायला त्यांनी मलाही बोलावलं होतं.

"ही नावं काढ. 'पोशीरचे ग्रामस्थ' एवढी एक ओळ पुरे."

"ग्रामस्थ कुणाचं नाव हाय, सर?"

"नावं निघाल्याशिवाय माझी सही मिळणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिने सूचीतली नावं काढली, बाकी एका अक्षराला हात लावला नाही, आणि प्रबंध छापून त्यांच्यापुढे ठेवला. सूचीत नाव सापडलं नाही की लेटेक मजकुरात त्या जागी प्रश्नचिन्ह छापतं. पानापानांवर प्रश्नचिन्हं उभी होती. बियाण्यांच्या प्रकरणात तर ओळीआड.

"हे काय बिघडलंय?"

"बिघडलं नाय. तुमी म्हणालात ते काढलं. आता ते इचारतंय, हे सांगितलं कुणी?"

"वर्डमध्ये दे. मी बघतो."

"वर्डमधी गुपचूप निघतात, सर. म्हणून तर वर्डमधी नाय लिवला."

सही झाली नाही. मी तिला बजावलं, आधी पदवी, मग भांडण. नोंदणीची मुदत, बढती, वय, सगळं बोटांवर मोजून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, तुमची यादी बरोबर हाय. पर तिच्यात काकी नाय."

तिने मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज केला. त्या खटाटोपात बढती हुकली. तिच्यानंतर नोकरीला लागलेले एक गृहस्थ विभागप्रमुख झाले. प्रज्ञाने त्यांचे पेढे खाल्ले आणि तासाला गेली.

अखेर नव्या मार्गदर्शक बाईंच्या सहीने प्रबंध मंजूर झाला, एकही नाव न गळता. प्रत ग्रंथालयात आली त्या दिवशी ती भिवाबाईंना घेऊन आली. पुढच्या महिन्यात तिला दुसऱ्या कॉलेजात रुजू व्हायचं होतं. भिवाबाईंना वाचता येत नाही. प्रज्ञाने त्यांचं बोट धरून ओळीवर ठेवलं.

"ही मी?"

"तूच गं."

बोट एक ओळ खाली सरकलं. "आन् हा खाली कोन?"

"गुप्ते सर."

मी वाकून पाहिलं. खरंच होतं. सरांच्या एका जुन्या लेखातला तक्ता तिने वापरला होता, आणि आडनावांच्या वर्णानुक्रमात ते भिवाबाईंच्या खाली आले होते.

"त्यांचं घेतलंय, तर नाव नको द्याया?" प्रज्ञा मला म्हणाली.

भिवाबाईंनी बोट उचललं, पदर सारखा केला.

"आसू दे गं. बसू दे त्यालाबी."