मागच्या चाकाची जाळी

माझा दादा चष्म्याच्या काचा बसवतो. पुढचं दुकान मालकाचं, मागची चिंचोळी खोली दादाची. तिथं खिडकीखाली टेबल, काच घासायचं यंत्र आणि काचांच्या लिफाफ्यांची चळत. काच केसभर तिरकी बसली तर गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही, पण दादा ती पुन्हा काढतो. "चूक दिसत नाही म्हणजे ती नाही असं होत नाही," असं मालकालाच ऐकवतो. हे त्याच्या तोंडून ऐकलं की माझं डोकं फिरायचं. कारण याच गृहस्थानं स्वतःची एक चूक नऊ वर्षं झाकून ठेवली होती, आणि झाकण धरायला मी होते.

तेव्हा दादाला सायकलच्या शर्यतींचं वेड होतं. नंबर कधी आला नाही, पण हौस दांडगी. सायकल एकच. तीच शर्यतीला, तीच कामाला आणि तिच्याच कॅरिअरवर बसून पाच वर्षांची लेक बालवाडीत. मुलांचा पाय आऱ्यांत जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला जाळी होती. एका शनिवारी दादाला वाटलं, ही जाळी खडखडते, उगाच वजन होतं. त्यानं ती काढली. पाना मी हातात दिला.

"उद्या संध्याकाळी परत लावतो," तो म्हणाला. रविवारी त्याचा सव्विसावा नंबर आला. संध्याकाळी पाय दुखत होते म्हणून जाळी राहिली. सोमवारी राहिली, मंगळवारी राहिली. पंधरा मिनिटांचं काम होतं. बुधवारी सकाळी लेकीची टाच चाकात गेली.

टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं हे?" दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेवढ्यात दारातून वहिनी धावत आत आली. तिला पाहिलं आणि तो बोलून गेला, "हिनं पाय हलवला. किती वेळा सांगितलं, नीट बस म्हणून!" मी शेजारीच उभी होते. ब्र काढला नाही. उलट पोरीनं रडं थांबवावं म्हणून तिचं नाक ओढलं आणि म्हटलं, "आमची भिंगरी आहे ही, भिंगरी! एका जागी बसेल तर शपथ!" ती रडता रडता हसली. त्या दिवसापासून ती सगळ्यांची भिंगरी झाली.

दादानं सायकल गॅलरीत टांगली ती टांगलीच. विचारलं की गुडघ्याचं कारण सांगायचा. जाळी त्यानं जुन्या चादरीत गुंडाळून खालच्या मजल्यावर माझ्या घरी आणून दिली. मी ती कपाटावर ढकलली आणि दोघांनी तोंडात मिठाची गुळणी धरली.

गंमत अशी की या भिंगरीइतकी शांत पोर मी दुसरी पाहिली नाही. जेवायला बसली की टेबलाखाली एका पायानं दुसरा पाय धरून ठेवते. बसमध्ये गुडघे आवळून बसते. वर्गातल्या मुली सायकल शिकल्या तेव्हा म्हणाली, "मला नको. माझ्या पायांचा भरवसा नाही." एखाद्याला वांगं आवडत नाही, इतक्या सहज म्हणाली. मी हातातली भाजी निवडत राहिले.

यंदा डॉक्टरांनी दादाला साखर वाढल्याचं सांगितलं. वहिनीनं त्याच दिवशी सायकल खाली उतरवली. पहिल्या सकाळी दादा फाटकापर्यंत असा गेला की दूधवाला बाजूला होऊन उभा राहिला. आठवड्याभरात मात्र जुना पाय परत आला. तलावाला दोन फेऱ्या मारून घामानं निथळत यायचा, चेहरा उजळलेला असायचा. वर खिडकीत लेक दिसली की तोच चेहरा खर्रकन उतरायचा.

"मजा येते गं," एकदा माझ्या दारात बसून म्हणाला. "म्हणूनच जास्त लाज वाटते. तिचे पाय बांधून ठेवले आणि मी हिंडतोय."

"मग सांगून टाक ना!" मी खेकसले.

"तू सांग."

"चूक तुझी, मी का सांगू?"

"पाना कुणी दिला होता?"

 मी दार लावून घेतलं.

मागच्या रविवारी दादा अंगणात साखळीला तेल घालत होता, मी पायरीवर बसले होते. भिंगरी खाली आली. सीटवरून हात फिरवला. मग म्हणाली, "बाबा, मला शिकवशील? पण माझे पाय पेडलला बांधता येतील का? म्हणजे हलणार नाहीत."

दादाच्या हातातली तेलाची बाटली कलंडली. तो तिथंच जमिनीवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. शनिवार, खडखड, सव्विसावा नंबर, सोमवार, मंगळवार. काही गाळलं नाही.

तिनं ऐकून घेतलं. "म्हणजे मी पाय हलवलाच नव्हता?"

"हलवला असशील. पाच वर्षांची होतीस, हलणारच. जाळी त्यासाठीच असते."

"आईला माहितीय?"

"नाही."

"आज सांग तिला." रडेल असं मला वाटलं होतं, ती रडली नाही. "आणि जाळी कुठंय?"

 दादानं माझ्याकडे बघितलं. तीही वळली, आणि तिला कळलं. मी उठले, घरात गेले, स्टुलावर चढून कपाटावरची चादर काढली. आत जाळी होती आणि चारही स्क्रू एका पुडीत नीट बांधलेले होते.

जाळी तिनं स्वतः लावली. मध्येच माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "पाना." मी दिला. शेवटचा स्क्रू आवळून झाल्यावर म्हणाली, "आत्या, मला भिंगरी म्हणू नकोस यापुढे."

वहिनी दादाशी दोन दिवस बोलली नाही. माझ्याशी अजून बोलत नाही, आणि तिचं काही चुकत नाही.

पोर आता शिकतेय. पाय बांधले नाहीत. दादा मागून कॅरिअर धरून धापा टाकत पळतो, ती ओरडते, "सोड, बाबा!" मी खिडकीत उभी असते. तिचं खरं नाव चांगलं तीन अक्षरी आहे. मीच सुचवलं होतं. पण नऊ वर्षांत जिभेला त्याची सवयच राहिली नाही. हाक मारायला तोंड उघडते, आणि ते नाव आठवून ओठांवर येईपर्यंत ती कोपऱ्यावरून वळून गेलेली असते.