तिच्या तोंडी घातलेलं उतर

आमचं मंडळ मुळात फुगडीचं. चवथीच्या दिवसांत आसपासच्या गावांतल्या बायका जमवायच्या, स्पर्धा लावायच्या, संक्रांतीला हळदीकुंकू करायचं, झालं. मी पेडणे तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवत होते, आणि शाळेतली बाई म्हटली की मंडळाची सेक्रेटरी तीच, हे गावात कुणी विचारून ठरवत नाही. अध्यक्षीण होती नाक्यावर भजी-पावाचा गाडा चालवणारी. तिला लिहिता येतं सहीपुरतं, पण तोंड असं की पंच लोक तिच्या गाड्यावरून जाताना वाट वाकडी करतात.

फुगडी घालून दमलेल्या बायका देवळाच्या सोप्यावर बसायच्या. पदराने घाम पुसताना बांगड्या मागे सरकायच्या आणि दंडावरचे वळ दिसायचे. पहिली दोन-तीन वर्षं आम्ही ते बघून न बघितल्यासारखं केलं. खोटं कशाला सांगू.

पुढे एकेक जण बोलायला लागली, आणि आमची पंचाईत झाली. आमच्याकडे होतं काय? ना जागा, ना वाहन, ना वकील. चौकीवर गेलं की घरातलं घरात मिटवा म्हणायचे. आणि बाईला आज रात्री कुठे ठेवायचं हेच माहीत नसलं की माणूस आपोआप शहाणपणा शिकवायला लागतो. सांभाळून घे गो, पोरांकडे बघ. मी हे किती जणींना सांगितलंय त्याची आठवण झाली की आजही माझीच मला चीड येते.

मग एक दिवस मला युक्ती सुचली. हो, ती माझीच. आमच्या भागात पोलिसाला कोणी भीत नाही, पण गावच्या देवीला भितो. नवऱ्याला देवळात उभा करायचा, नारळ ठेवायचा, गावाच्या वतीने देवीशी बोलणाऱ्या घाड्याने गाऱ्हाणं घालायचं आणि त्याने सगळ्यांसमोर उतर द्यायचं, म्हणजे शब्द, की पुन्हा बायकोवर हात टाकणार नाही. देवीला दिलेलं उतर मोडायची छाती इथे भल्याभल्यांना होत नाही. पहिले दोघे खरोखर थांबले. दारू सुटली नाही, पण हात थांबला. आम्ही लागलो फुशारक्या मारायला.

तिसरी आली ती माझी विद्यार्थिनी. पहिली ते चौथी माझ्या वर्गात होती. शेजारच्याच गावात दिली होती. नवऱ्याचा ट्रक डिचोलीच्या खाणींवर चालायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभा राहिला, टायरांभोवती गवत वाढलं, आणि तो राग सगळा हिच्यावर निघायला लागला. पुढे त्याला अधूनमधून चिऱ्यांची भाडी मिळायला लागली, पण हाताला लागलेली सवय गेली नाही. तिला एक मुलगी, तेव्हा चार वर्षांची.

देवळात त्याच्याकडची मोठी माणसं जमली. त्यातले एक म्हणाले, "त्यानेच एकट्याने काय म्हणून उतर द्यायचं? ही उठल्यासुटल्या माहेरी पळते. हिनेपण द्यावं."

मला तेव्हा ते रास्त वाटलं. रास्त कसलं, मला त्याचं उतर हवं होतं आणि घाई होती. मी तिच्या कानाशी लागले आणि तिचं वाक्य मीच तयार करून दिलं. ती पाढे म्हणावेत तशी माझ्यामागून म्हणाली, की हे घर सोडून मी जाणार नाही. दोघांचं झाल्यावर घाड्याने वरून जोड दिली, "बा देवी म्हाराजा, दोगांतलो जो कोण उतर मोडीत, त्येच्या पोटच्या पोराचा तू बघून घे." आणि सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं. मीही म्हटलं. चांगलं मोठ्याने म्हटलं.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी निधी मिळाला. कुणीतरी आमचं नाव कुठेतरी सांगितलं होतं, आणि लहान लहान मंडळांना सुरुवातीची मदत देणाऱ्या एका संस्थेची तरुण मुलगी आम्हाला भेटायला आली. नोंदणीची शाई वाळली नव्हती आमची. कामाचा दाखला म्हणून दाखवायला फुगडीच्या स्पर्धेची ढाल तेवढी होती. ती गाड्यापाशी बाकावर बसली, भजी खाल्ली, सगळं ऐकून घेतलं आणि मग एकच विचारलं. एखादी बाई म्हणाली, मला परत घरी जायचं नाही, तर तुम्ही तिला कुठे ठेवता?

अध्यक्षीण उठून कढईतली भजी उलटायला लागली.

रक्कम फार नव्हती. पण ती आधी मिळाली, आम्ही काही करून दाखवण्याच्या आधी, आणि कशावर खर्च करायची ते त्यांनी आमच्यावर सोडलं. आम्ही म्हापशाला बसस्टँडच्या मागे एक खोली भाड्याने घेतली. त्या मुलीने विचारलं, गावात का नको? अध्यक्षीण म्हणाली, "गावात खोलीत शिरली तर शंभर जण बघतले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला कोण कशाला गेली, कोण विचारतो?" दोन खाटा, गॅस, एक फोन, महिन्यातून दोनदा येणारी वकीलबाई, आणि अडीअडचणीला बाईला आणून सोडणाऱ्या पायलटाचं, म्हणजे मोटरसायकलवाल्याचं, भाडं. एवढंच. पण माझं बोलणं बदललं. सांभाळून घे म्हणायचे ती मी, आता विचारायला लागले, राहतेस का? पहिल्याच वर्षात बायका आल्या, कोणी एक रात्र राहिली, कोणी महिना. काही परत गेल्या, काहींनी वेगळी चूल मांडली. एकीने तर खाटेवर पडून आधी तास दीड तास नुसती झोप काढली. एवढीशी जागा हाती असती तर मी देवळाची पायरी चढलेच नसते, हे मला तेव्हा कळलं.

कळून उपयोग काय. त्याने उतर मोडलं. तिचा खांदा निखळला. मला निरोप आला तशी मी पायलट घेऊन तिच्या दारात गेले. तो घरी नव्हता. मी म्हटलं, मुलीला घे, दोन कपडे घे, आता आपल्याकडे जागा आहे, चल.

ती चुलीपुढून उठली नाही. "बाई, माका येवक जमाचा नाय," मुलीला जवळ ओढून म्हणाली. "त्येना आपला उतर मोडल्यान, त्येचो भोग चेडवार चडलोच आसा. मी माझा मोडलंय तर माझ्या चेडवाक कोण बघतलो?"

मी समजावलं, रागावले, अगं असं काही नसतं म्हटलं. तिने शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "तुमीच सांगलात तसा मी म्हटलंय, बाई."

मी घाड्याकडे गेले. म्हटलं, तिच्यापुरतं सोडवा. तो म्हणाला, दोघांचं गाऱ्हाणं आहे, दोघांनी एकत्र उभं राहिल्याशिवाय सुटत नाही. मी नवऱ्याकडे गेले. तो हसला आणि म्हणाला, "तुमीच बांदलात मगो तां." अध्यक्षीण त्याला बघून घेते म्हणून निघाली होती, तिला मीच आवरलं, कारण त्याचा वचपा शेवटी कुणावर निघाला असता ते आम्हाला ठाऊक होतं. वकीलबाईने कायदा सांगितला, कागद तयार केला. पण कागदावर सही तिची लागते, आणि ती करेना. मी तिला म्हटलं, पाप माझं, देवीला सांग बाईने सांगितलं होतं म्हणून. ती म्हणाली, देवीला ते माहीत आहे.

मी हात टेकले. दर शुक्रवारी खोली उघडून बसायचे, येतील त्यांचं बघायचे, आणि पेडण्याची बस आली की उगीच दाराकडे डोळे लागायचे.

मागच्या महिन्यात ती आली. शुक्रवारी, दुपारी, हातात बाजाराची पिशवी. मी उठून खाटेवरची चादर सारखी करायला लागले, आणि मग पाहिलं, तिच्या मागे आणखी एक पोरसवदा बाई उभी आहे. तिची जाऊ, धाकट्या दिराची बायको, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ओठ फुटलेला, मान खाली.

"हिना देवीक उतर देवक नाय, बाई," ती म्हणाली. "हिका ठेवन घेवा."

तिने पिशवीतून जावेचे दोन कपडे काढून खाटेवर ठेवले. पाणी घे म्हटलं तर नको म्हणाली, मुलगी शाळेतून येईल म्हणाली, आणि निघाली. मी जावेला बसवलं, पंखा लावला, नाव-गाव लिहून घ्यायला वही उघडली. ती पोर भिंतीकडे बघत हळूच म्हणाली, "आता घरात दोगांय भावांचो राग तिच्या एकटेवर येतलो."

वही तशीच टाकून मी स्टँडवर धावले. बस लागलेली होती. ती खिडकीशी बसली होती, पिशवी मांडीवर. मी खालून म्हटलं, खाली ये गो, मी तुझ्या पाया पडते, आज तरी जाऊ नकोस.

ती थोडी वाकली आणि म्हणाली, "तिकीट काढलंय, बाई."