रामाकोन्यात संत्र्याचा आंबटपणा काढताना

निवृत्त माणसाला यंत्र आणि श्रोता एकाच दिवशी मिळू नयेत. मला मिळाले. मावसभावाच्या बायकोचा, वंदनावहिनींचा, रामाकोन्याहून फोन आला. बागेतली संत्री यंदा लहान आणि आंबट, व्यापारी हात लावेना. सौंसरचा एक दुकानदार रस ठेवायला तयार होता. पण रस आंबट नको आणि वरून साखरही नको. नमुना पसंत पडला नाही तर फळं उकिरड्यावर. मी जन्मभर कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात आयन-विनिमय पडदे सांभाळले, तेव्हा माझ्याइतका लायक कोण? त्याच दिवशी जुळवून संपवलेलं छोटं यंत्र पिशवीत आणि त्याचे पडदे पाण्याच्या डब्यात घेऊन दुसऱ्या दिवशी निघालो.

नागपूरहून छिंदवाड्याची बस धरा. दोनेक तासांत सौंसर येतं. उतरून तर्री-पोहे खा, मग रामाकोन्याची गाडी पकडा. मांडीवर डबा मात्र नेऊ नका. हे पडदे सुकले की तडकतात, म्हणून मी ते पाण्यात नेत होतो आणि पाणी शेजारच्या आजोबांच्या धोतरावर जात होतं. मी त्यांना शास्त्रीय कारण समजावलं. ते उठून पुढे जाऊन बसले.

वहिनींनी अर्धी घागर रस गाळून ठेवला होता. निम्मा यंत्रात ओतला, वीज जोडली आणि बोलायला लागलो. आम्लाचे कण विजेच्या ओढीनं पडद्यांतून पलीकडच्या पाण्यात जातात. साखरेला विजेचं देणंघेणं नाही, ती रसातच राहते. समुद्राच्या पाण्यातून मीठही असंच काढतात. मग कारखाना आला, माझी बढती आली.

"भाऊजी, चाखून पाहू का?" वहिनींनी विचारलं.

"थांबा, मुद्दा अर्धवट राहील."

तासाभरानं त्यांनी न विचारता घोट घेतला. "हे त साखरेचं पानी लागून राहिलं. संत्र कुठं गेलं याच्यातलं?"

संत्र्याची चव मी पलीकडच्या बादलीत पाठवली होती. दर पाच मिनिटांनी चाखणं एवढंच माझं काम होतं. खूप लाज वाटली. वहिनी घागरीतला आंबट रस वाटीवाटीनं मिसळत चाखत राहिल्या. चौथ्या वाटीला थांबल्या.

संध्याकाळी सौंसरच्या दुकानदारानं पेला रिकामा केला. "शक्कर नाही टाकली ना? मंग हप्त्याले वीस बाटल्या पाठवून द्या."

मी पडद्यांविषयी सांगायला तोंड उघडलं. वहिनींनी माझ्या हातात दुसरा पेला दिला.

परतताना पांढुर्ण्याहून रेल्वे धरली. बसच्या धक्क्यांपेक्षा ती बरी. यंत्र मात्र सोबत आणलं, म्हटलं दर हप्त्याला मीच जाईन. घरी येऊन चार दिवस होतात तोच वहिनींचा फोन.

"भाऊजी, मशीन लागते. बसवाल्याजवळ देऊन द्या, मी सौंसरले उतरवून घेतो."

"अहो, पण चालवणार कोण?"

"मी पाहून घेतलं ना तवा. तुम्ही बोलून राहिले होते."

त्याच दिवशी यंत्र बसवर चढवलं. मुकाट्यानं.