बारका दांडा
नव्या रेक्झिनचा वास आला की मला नगरचं ते शोरूम आठवतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. भंडारदऱ्याकडच्या आमच्या वस्तीसाठी वडील पिकअप घ्यायला निघाले, सोबत मी होतो. एकाच रंगाच्या दोन गाड्या शेजारी उभ्या होत्या. एकीत गुबगुबीत सीट, टेप आणि आरशासारखा बंपर. दुसरीत साधा बाक, पण चारही चाकांना ओढ देणारा एक बारका दांडा गिअरशेजारी. विक्रेता आम्हाला सारखा टेपवालीकडेच वळवत होता. "काका, भात आणि दूधच न्यायचं ना? चिखल असून असून किती असणार?" वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मानूस बाजंवर घालून न्यावं लागतं, इतका," ते म्हणाले. आदल्या पावसाळ्यात बाळंतपणात अडलेल्या ताईला आम्ही चौघांनी तसंच खांद्यावरून खाली आणलं होतं. डांबरी रस्ता लागला तेव्हा ती गेलेली होती. विक्रेत्याने दांडेवालीची चावी आणली. पुढच्याच उन्हाळ्यात डांबर थेट आमच्या दारापर्यंत आलं. तो दांडा गिअरसारखा टाकायची वेळ वडिलांवर कधी आली नाही, पण गाडी धुताना तेवढा ते स्वतःच्या हाताने पुसायचे. परवा ती जुनी गाडी विकली. वडील आता काठी टेकत चालतात. नव्या मालकाच्या हाती चावी देताना ते म्हणाले, "त्यो बारका दांडा येकदा टाकून बघा. चालत असंल. घेतल्यापास्नं आमाला लागलाच न्हाई."