देणगी खोडून लिलाव

मुक्तामावशी कुणाच्याही सहीवर विश्वास ठेवते, फक्त सहीच्या वर काय लिहिलंय ते आधी वाचते. शिक्षण चौथी. देवगाव रंगारीच्या शाळेत दहावीपर्यंत मी पुस्तकं जेवढी मन लावून वाचली नाहीत, तेवढा मन लावून ती शेंगदाण्याच्या पुडीचा कागद वाचते.

औरंगपुऱ्यातल्या एका बोळात खाली तिचं शिलाईचं दुकान, वर माझी भाड्याची खोली. यंदाच्या उन्हाळ्यात एका सेवा संस्थेनं मुलींच्या वसतिगृहासाठी लिलाव ठेवला. सगळ्या वस्तू लोकांनी दान दिलेल्या. पैठणी होती, सायकल होती आणि एका व्यापाऱ्यानं कबूल केलेली मोटरची शिलाई मशीन होती. म्हणजे मशीनचा फोटो होता. साडेसतरा हजारांवर बोली थांबली, ती मावशीची. शहराबाहेर लांब शेंद्र्याच्या एका कारखान्याच्या कँटीनचे तीनशे एप्रन तिनं शिवायला घेतले होते, आणि पायमशीनवर तीनशे एप्रन म्हणजे रोज शेंद्र्याला चालत जाऊन येण्यासारखंच.

पैसे भरताना तिनं पावती वाचली. "हे 'देणगी' काय लिहिलंय?"

"मावशी, आमच्याकडं एकच पावतीपुस्तक आहे," टेबलावरची पोरगी म्हणाली.

"मग खोड. मी देणगी कुठं दिली? मशीन घेतली."

मागं रांग हसत होती. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पोरीनं 'देणगी' खोडलं, वर 'लिलाव, मोटरची शिलाई मशीन' लिहिलं, शेजारी सही केली. मावशीनं पावती ब्लाऊजच्या कापडात गुंडाळली.

मशीन आली नाही. दीड महिना झाला. व्यापाऱ्यानं हात वर केले. मी शहाणपणा दाखवला, "मावशी, त्या व्यापाऱ्याच्या दुकानात जाऊन बसू."

"त्याच्याकडं कशाला? मी काजं-बटणं करायला ब्लाऊज बाहेर दिला अन् तिथं तो जळाला, तर गिऱ्हाईक कुणाची मानगूट धरतं? काजंवाल्याची?"

"तुमची."

"मग चल, संस्थेची धरू."

संस्थेचे सचिव अप्पाराव. माणूस गोड, चहा आणखी गोड. "ताई, पैसे पोरींच्या वसतिगृहाला गेले. केवढं पुण्य लागलं तुम्हाला!"

"पुण्य मी बिनापैशाचं करते, साहेब. पैसे मशीनचे होते."

"हवं तर देणगीचं प्रमाणपत्र देतो. करात सवलत मिळेल."

"कर भरण्याएवढं कमवायलाच तर मशीन पायजे होती. मशीन द्या, नाय तर पैसे. शनिवारपर्यंत. एप्रन द्यायला मग पंधरा दिवस उरतात."

अप्पारावांना वाटलं, कायद्याचं नाव काढलं की बाई उठेल. त्यांनी संस्थेच्या वकिलांना फोन लावला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. "वकीलसाहेब, दात्यानं वस्तूच दिली नाही, तर आपली जबाबदारी नसते ना?"

"बोली कुणी पुकारली?"

"आपण."

"पैसे कुणी घेतले?"

"आपणच. पण ती देणगीच धरायची ना?"

"पावतीवर काय आहे?"

मावशीनं कापड सोडून पावती पुढं सरकवली. अप्पारावांनी ती वाचून दाखवली, खोडलेल्या शब्दासकट.

"मग परत करा, अप्पाराव. बाईंचा व्यवहार आपल्याशी आहे. दात्यानं शब्द आपल्याला दिला होता, त्याचं काय करायचं ते आपण बघू. उद्या त्या ग्राहक आयोगात गेल्या तर ह्याच पावतीवर मी उभा कसा राहू? अन् तो स्पीकर बंद करा."

स्पीकर बंद झाला. आता उपयोग नव्हता.

शुक्रवारी पैसे मावशीच्या खात्यात आले. त्याच दिवशी ती दुकानातून मशीन घेऊन आली, चालवून बघून, फोटो बघून नव्हे. एप्रन वेळेच्या दोन दिवस आधी शेंद्र्याला पोचले. गठ्ठे मीच वाहिले, मजुरी एक चहा.

कँटीनचं बिल मिळालं तशी मावशी पुन्हा संस्थेत गेली. तिला दारात बघून अप्पाराव खुर्चीतून अर्धे उठले. "आता काय राहिलं, ताई?"

तिनं टेबलावर पाचशे एक रुपये ठेवले. "पोरींच्या वसतिगृहाला."

अप्पारावांनी पावतीपुस्तक ओढलं, पेन उघडलं आणि मागचं आठवून छापील 'देणगी' खोडायला त्यावर आडवं धरलं.

"राहू द्या, साहेब," मावशी म्हणाली. "आज काय खोडू नका."